बघायच्या कार्यक्रमात इन्सुलिन

आमची आत्या खरं तर गुप्तहेर खात्यात जायची, चुकून महापालिकेत लागली. मला बघायला पाहुणे येणार होते त्या रविवारी तिने सकाळी सकाळीच येरवड्यातल्या आमच्या घराचा ताबा घेतला. फ्रिजमधलं माझं इन्सुलिनचं पेन कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवलं, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर झाकायला लांब बाह्यांचा कुर्ता काढून ठेवला आणि फर्मान सोडलं, "आतच टोचून घ्यायचं आणि मग बाहेर यायचं. लग्न झालं की सांगू सावकाश."

मला टाइप वन डायबेटिस आहे, नववीत होते तेव्हापासून. आधीची दोन स्थळं फोनवर 'डायबेटिस' हा शब्द ऐकून "कळवतो" म्हणाली होती. ती अजून कळवतायत. म्हणून या वेळी बाबांनी ठरवलं होतं, सांगायचं, पण समोरासमोर. आत्याला ते साफ नामंजूर. आणि हा मुलगा तर मला आवडला होता. फोनवर खळखळून हसायचा, अगदी माझ्या टोमण्यांवरसुद्धा. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

कोथरूडहून तो आणि त्याची आई असे दोघंच आले. जयभीम-जयभीम झालं. त्याची आई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या खुर्चीत अशा बसल्या की आम्ही सगळेच नकळत ताठ झालो.

"घर सापडलं ना पटकन?" बाबांनी विचारलं.

"येरवड्यात यायला काही नाही लागत, सुटायलाच अवघड म्हणतात," त्या म्हणाल्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मला त्या तिथेच आवडल्या.

आईने पोहे भरायला घेतले तशी आत्याने डोळ्यांनीच मला आत बोलावलं. गेले मी, पण ती कोथिंबीर बघून माझं डोकंच सटकलं. आयुष्यभर काय स्वयंपाकघरात लपून टोचून घेऊ? पेन उपसलं आणि सरळ बाहेर आले.

"तुम्ही पोहे सुरू करा. मला डायबेटिस आहे, मी आधी इन्सुलिन घेते," असं म्हणत बाही वर सारली. मागे आत्याने कपाळावर हात मारला. मी सुई टोचली, आणि समोर धप्पकन आवाज झाला. मुलगा सोफ्यावरून खाली!

"अगं बाई, गेला!" आत्या ओरडली आणि त्याला हुंगवायला चप्पल आणायला धावली. त्याची आई जागची हलली नाही.

"काही झालं नाहीये त्याला. सुई दिसली की पडतो. पाय जरा वर धरा."

बाबांनी पाय धरले. त्याने डोळे उघडले, उठून बसला, तेव्हा माझी साखर उतरली की लागणारं ग्लुकोज मी पाण्यात कालवून त्याच्या हातात दिलं. रोगी कोण आणि नर्स कोण, काही कळेना. तो ओशाळून हसला. तेच फोनवरचं हसणं.

"हे आम्ही लग्न झाल्यावर सांगणार होतो," त्याची आई म्हणाली. चप्पल हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या आत्याचा चेहरा काय झाला म्हणून सांगू!

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तुझं सांग. लहानपणी गोड फार खायचीस का?"

हा प्रश्न आला की माझ्या आईची मान खाली जाते. दुधात दोन चमचे साखर घालून द्यायची म्हणून पोरीला हे झालं, असं ती मनात धरून बसलीय. डॉक्टरांनी सांगितलं, मी शंभरदा सांगितलं, उपयोग शून्य.

"नाही हो काकू," मी म्हटलं. "साखरेचा संबंधच नाही. आपल्या रक्तात टी पेशी असतात. बाहेरचा विषाणू शिरला की त्याने धरलेल्या पेशी हुडकून मारायच्या, हे त्यांचं काम. माझ्या टी पेशी चुकल्या. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या माझ्याच पेशी त्यांनी परक्या समजून मारल्या. बनवणारंच कोणी फारसं उरलं नाही, म्हणून हे बाहेरून घ्यायचं."

"म्हणजे घरच्यालाच चोर समजून बडवलं."

"अगदी तसंच. का बडवलं ते अजून कोणाला नीट माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. दोन घास खाल्ले. मग हळू आवाजात विचारलं, "आणि पुढे मुलांना?"

हाच तो प्रश्न. थाप मारता आली असती, पण जमलं नाही. "होऊ शकतं. इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त. बहुतेकांना होत नाही, पण होणारच नाही असं मी सांगणार नाही. हल्ली रक्त तपासून बरंच आधी कळतं. टी पेशींचा हल्ला लांबवणारं औषधही निघालंय. लांबवणारं हं, कायमचं थांबवणारं नाही." सगळे आपापल्या बशीत बघत होते. झालं, आता "कळवतो" येणार, अशी मी मनाची तयारी केली.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या आईला विचारलं, "हिला झालं तेव्हा तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

"नाही हो," आई म्हणाली. "सुई कशी धरायची तेसुद्धा दवाखान्यात शिकले."

"तरी पोरगी एवढी ठणठणीत वाढवलीत. आगाऊ आहे, पण खरं बोलते. मग माझ्या नातवंडाला झालंच, तर त्याला पहिल्या दिवसापासून सगळं येणारी आई मिळेल. आणखी काय पाहिजे?"

आईने पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. रडता रडता हसतही होती वेडी, आणि तिला बघून मीही. नववीपासून इतक्या वर्षांत तिला "चांगली वाढवलीत" म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं, आणि ते माझी सासू होणार होतं.