जपानी फुलांच्या विलायती बशा

आमच्या ह्यांना बशांचं वेड होतं. दुसऱ्या बायकांचे नवरे पत्ते कुटत, तंबाखू मळत, कुणी कुस्त्या बघायला मालेगावापर्यंत जात. आमचे हे चिनी मातीच्या जुन्या बशा जमवत. बरं, जेवायला म्हणाल तर नाही. चहाला म्हणाल तर तेही नाही. भिंतीतल्या कपाटात ओळीनं उभ्या करायच्या आणि बघत बसायचं, बस्स! लग्न होऊन मी धनजहून कारंज्याला आले तेव्हा चार दिवसांतच मला वाटलं, आपल्याला फसवलं, हा माणूस जरा हललेला दिसतो.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. हे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. तिथला इंग्रज इंजिनेर मायदेशी परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं. लोकांनी खाटा नेल्या, आरामखुर्च्या नेल्या, एकानं तर भलामोठा आरसा बैलगाडीत घालून नेला. ह्यांनी नेल्या दोन बशा. तिथून जी खोड लागली ती लागलीच. अकोल्या-अमरावतीकडच्या साहेबलोकांचं सामान फिरून विकणारा एक मुसलमान व्यापारी होता. कापसात गुंडाळलेलं काहीतरी बगलेत मारून तो दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘‘भाऊसाब, एक चीज लाया हूँ.’’ झालं! हातातला घास ताटात टाकून हे उठायचे. मी पोळी घेऊन चुलीपाशी तशीच.

ह्यांना सगळ्या बशा चालत नसत. निळा, विटकरी लाल आणि सोनेरी, हे तीनच रंग पाहिजेत. शेवंतीसारखी भली मोठी फुलं, फांदीला पेलवणार नाहीत अशी. एखादी फुलदाणी, मागं वाकडंतिकडं कुंपण. इंजिनेरानं जाताना ह्यांना सांगितलं होतं की ह्या बशा विलायतेतच झाल्या, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बायकांना जपानी भांड्यांचा मोठा सोस होता, म्हणून तिथल्या कारागिरांनी जपानी तऱ्हा उचलली. ज्यांनी ही फुलं काढली त्यांनी जपान कधी पाहिलासुद्धा नव्हता.

‘‘म्हणजे ह्या नकली?’’ मी विचारलं.

‘‘नाही वो. अस्सल विलायती.’’

‘‘मग फुलं जपानी काहून?’’

‘‘तीच तर मजा आहे.’’

‘‘आणि माती चीनची?’’

‘‘नाही. मातीही विलायतेचीच.’’

‘‘मग चिनी माती कायले म्हणता?’’

हे हसले आणि हातातली बशी परत पुसायला लागले. मला काय समजलं असेल, कप्पाळ! कुणी बाईनं विचारलं, की तुमच्या घरी ते काय आहे, तर मी काय सांगावं? त्या दिवसांत बाजारात जपानी माल म्हणजे हसण्यावारी न्यायची वस्तू होती. आज घ्या, उद्या मोडा. शेजारचे लोक जाता-येता ह्यांना डिवचत, ‘‘काय भाऊ, जपानी माल भरून राह्यले का?’’ हे ऐकून न ऐकल्यासारखं करत. राग मात्र मला यायचा. बशांचा की लोकांचा, ते तेव्हाही कळलं नाही.

एकदा ह्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, डोळे मीट आणि बशीवरून बोट फिरव. फिरवलं. काही ठिकाणी गुळगुळीत, काही ठिकाणी बोटाला बारीकसं काही लागत होतं. निळा रंग आधी दिलेला असतो, त्याच्यावर काचेचा लेप, म्हणून तो हाताला लागत नाही. लाल आणि सोनेरी वरून चढवलेला, म्हणून लागतो. हे एवढं सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मी कारण नसताना लाजले. मग बशी उन्हात धरून तिच्यामागं त्यांनी आपली बोटं धरली, तर बोटांची सावली आरपार दिसली. अवो माय! मी सांगते, त्या दिवसापासून मीही दुपारची एखादी बशी काढून उन्हात धरायला लागले. मला त्या आवडत होत्या की नवऱ्याचं वेड मला चावलं होतं, देव जाणे.

सासूबाई मात्र त्या कपाटाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. विधवा बाई, सोवळ्याओवळ्याच्या कडक. पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं, मातीचं भांडं दुसऱ्याच्या उष्ट्यानं बाटलं की बाटलं, असा त्यांचा कायदा. ‘‘सायबानं त्याच्यावर काय काय खाल्लं असन, कोनाले ठाऊक!’’ असं म्हणून त्या पदर सावरून बाजूनं जायच्या. एकही बशी कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आली नाही. राखेनं घासली असती तर सोनेरी रंग निघून गेला असता, म्हणून ह्यांनाही ते बरंच होतं.

मग एका दिवाळीनंतर हे खोकायला लागले. जिनातला कापसाचा धुरळा छातीत गेला असेल म्हणून आधी गूळ दिला, काढे दिले. ताप उतरेना. शेवटी छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूर, तिथून अकोल्याचा मोठा दवाखाना. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर एक दिवस म्हणत सुधारतंय, दुसऱ्या दिवशी म्हणत काही सांगता येत नाही. माझा जीव नुसता टांगणीला. एवढा मोठा माणूस खाटेवर पोरासारखा दिसायला लागला होता. तापात त्यांचं एकच चालायचं, ‘‘बशा कोणी पुसते का?’’ मी म्हणायची, पुसते. ‘‘मोडली नाही ना एखादी?’’ नाही मोडली. ‘‘मले एकडाव घरी ने. कपाटासमोर खाट टाक.’’ हे ऐकलं की वाटायचं, असू दे वेड, ह्या वेडाच्या दोरीनं तरी माणूस ओढून आणता येईल.

संक्रांत दवाखान्यातच गेली. रथसप्तमी झाल्यावर ताप थोडा उतरला, तेव्हा ज्वारी आणि कपडे न्यायला मी एका दिवसासाठी घरी आले. पायावर पाणी घेतलं, आत गेले, आणि कपाट बघितलं तर रिकामं. एक बशी नाही!

 चोरी झाली म्हणून मी ओरडणार तेवढ्यात नणंद धावत आली. ती लांबच्या गावी दिलेली, माहेरी क्वचितच यायची, ह्या वेळी आईच्या सोबतीला येऊन राहिली होती. चेहरा आनंदानं फुललेला. म्हणाली, ‘‘वयनी, तुमच्या नावानं वाण लुटलं मी. बाया काय खूश झाल्या! सारा मोहल्ला नाव घेऊन राह्यला.’’

कळलं का काय झालं ते? आमच्याकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णी एकमेकींना वाण लुटतात. सगळ्यांना एकसारखी वस्तू द्यायची, म्हणून बाया वर्षभर थोडी थोडी जमवून ठेवतात. कुणाच्या कपाटात डब्या, कुणाच्या फण्या. नणंदेला वाटलं, मी वाणासाठीच ह्या बशा जमवल्या. हलवा, बोरं, हरभऱ्याचे घाटे भरून तिनं त्या सवाष्णींच्या ओटीत घातल्या. मी दवाखान्यात नवऱ्यापाशी बसलेली, म्हणून माझ्या कुंकवासाठी, माझ्या नावानं.

माझं तोंड सुटलं ते सुटलंच. ‘‘डोळे फुटले होते का? घरात विचारायचं तरी! वाणाच्या वस्तू अशा कपाटात मांडून कोण ठेवते?’’ नणंद रडायला लागली. म्हणाली, ‘‘मले काय माहीत? मायनं सोता धुतल्या एकेक. हळदीच्या पाण्यानं.’’ सासूबाई कोपऱ्यात डाळ निवडत होत्या. मान खालीच. त्यांना काय कळणार ह्यातलं, म्हणून मी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

तशीच उठून शेजारी गेले. शेजारीण भली बाई. तिनं बशीत कुंकवाचा करंडा ठेवून ती देवापाशी ठेवली होती. मी सांगितलं, चुकून गेली, ह्यांची फार जिवाची आहे. ती लगेच उठली, करंडा काढला, बशी पुसून माझ्यासमोर धरली. मी हात पुढं केला. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, ‘‘घेऊन जाय ना बाई. पण नवऱ्याच्या नावानं देल्लं वाण वापस घेतं का तू?’’

माझा हात तिथंच थांबला. बशी नेली नाही तर घरी आल्यावर त्यांना दाखवू काय? आणि नेली, अन् उद्या तिकडं ताप परत चढला तर? वाण लुटल्यावरच ताप उतरला होता, हे तर खरं. डॉक्टरांच्या सुया चालू होत्या, हेही खरं. सुयांनी उतरला की वाणानं, मला विचारू नका, मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. रिकाम्या हातानं घरी आले. दुसऱ्या कुणाच्या दारात गेलेच नाही.

होळीच्या सुमारास हे घरी आले. काठी झालेला माणूस. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि आधी कपाटच उघडलं. मी म्हटलं, रंगकामासाठी काढून ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी म्हटलं, माळ्यावर आहेत. तिसऱ्या दिवशी मला खोटं सुचेना, तेव्हा सांगून टाकलं.

त्यांना राग आलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. बहीण अजून इथंच होती, तिला समोर बोलावून घेतलं. ‘‘तुले अक्कल आहे का? तुले घर सोपवलं, का घर लुटायले ठेवलं?’’ बोलता बोलता खोकला यायचा, थांबायचे, परत बोलायचे. नणंद पदरात तोंड घालून हुंदके देत होती. मी मध्ये पडावं की नाही, मला समजेना. तिचा राग तर मलाही होताच.

तेव्हा सासूबाई उठल्या. ‘‘तिले काहून बोलतं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्या बशा वाणाच्या होय, असं मीच सांगतलं तिले.’’

‘‘तुले नव्हतं माहीत, कायच्या आहेत त्या?’’

‘‘माहीत होतं ना.’’

 सासूबाईंचा आवाज चढला नाही की उतरला नाही. ‘‘माह्या हातानं वाण चालत नाई. म्हून पोरीच्या हातानं, सुनेच्या नावानं लुटलं. आधी घर धुंडून पाह्यलं. भांडे होते, लुगडे होते, माही नथ होती. पण तुहा जीव तर त्याईच्यात होता. थ्या सोडून दुसरं देल्लं असतं, तर देवानं आयकलं असतं काय?’’

हे खाटेवर बसले.  मला वाटलं, आता रडतील, नाहीतर परत ओरडतील. पण त्यांनी वर बघून हळूच विचारलं, ‘‘माय, तुले तरी आवडत होत्या का वो त्या?’’

‘‘लय,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तू जिनात गेला का रोज पाहत होती मी.’’