ठिगळआत्याचं न गळणारं कौल

ठिगळआत्याने शाकारलेलं छप्पर गळलं, असं कुणी सांगितलं असतं तर गल्लीने त्यालाच वेड्यात काढलं असतं. वय जेमतेम दोनशे दहा, म्हणजे एल्फांच्या मानाने ऐन उमेदीचं. अंगाने शिडीसारखी, आवाज हातोडीसारखा. कान सगळ्या एल्फांचे असतात तसेच लांब आणि टोकदार, पण शेजारच्या घरात थेंब टपकला की हिचे इकडे ताठ व्हायचे. लहानपणी गळक्या घरात सहा भावंडांबरोबर भांडी सरकवत ती वाढली होती. गळतीशी तिचं हाडवैर होतं.

आणि अशा बाईच्या नशिबी देव कोणता, तर गडगडोबा! वादळाचा देव. डोक्याने तापट, मनाने मोकळा. वादळ घेऊन निघाला की तो घराघरांत डोकावतो, अशी एल्फांची श्रद्धा. म्हणून प्रत्येक छपरात एक कौल मुद्दाम सैल ठेवायचं. त्याला म्हणायचं देवाचं कौल. तिथून थेंब पडला की समजायचं, देव येऊन गेला. लोकांच्या घरांत आत्या हे कौल इमानाने सैल ठेवायची, पण दातओठ खात. "देव आहे म्हणून सोडते," ती म्हणायची. "दुसरा कुणी असता तर सांगितलं असतं, बाबा रे, दारातून ये."

स्वतःच्या घरात मात्र तिने ते बुजवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिची तान्ही लेक तापाने फणफणली होती. बाहेर वादळ, आत थेंब थेंब पाणी. खोली एवढीशी, की पाळणा कुठेही सरकवला तरी देव तिथे हजर. शेवटी आत्या भर वादळात शिडी लावून वर चढली आणि राळ-चुन्याचं लुकण भरून कौल पक्कं करून आली. चौथ्या दिवशी लेकीचा ताप उतरला. आता ती लेक स्वतः दोन पोरांची आई झाली, तरी आत्याने दरवर्षी 'यंदा उघडते' म्हणत ते कौल तसंच ठेवलं. ही गोष्ट ठाऊक होती फक्त नवऱ्याला. तो लाकडी चमचे कोरायचा आणि तोंडाचा पक्का होता.

त्या वर्षी देवळाच्या छपराचा जुना कारागीर थकला आणि त्याने थापी खाली ठेवली. देवळाचं उंच आढं आत्या लहानपणापासून खिडकीतून बघत आली होती. त्यावर एकदा तरी आपला हात फिरावा, एवढंच तिचं स्वप्न. पुजारीबुवांनी निरोप धाडला, "काम तुलाच द्यायचा विचार आहे. पुढच्या वादळात येतो."

निरोप ऐकून आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण रीत अशी होती, की पुजाऱ्याने कारागिराच्या घरी देवाच्या कौलाखाली मांडीवर वाटी घेऊन बसायचं. वादळ सरेपर्यंत वाटीत वरून थेंब पडला तर देवाची परवानगी, नाहीतर काम दुसऱ्याला.

"अगं, त्यात काय, कौल सैल कर," नवरा म्हणाला.

आत्या वर चढली. कौल हलवलं, हलेना. पटाशी घातली, पटाशी वाकली. चाळीस वर्षांत लुकणाचा दगड झाला होता. शेवटी तिने हातोडी उगारली आणि तशीच खाली घेतली. धडधाकट छपराला भोक पाडायचं? हात उचलवेना.

"जमलं का?" खालून नवऱ्याने विचारलं.

"काम फार चांगलं झालंय हो," आत्या रडवेल्या आवाजात म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आलं आणि पुजारीबुवा शिंकत शिंकत दारात उभे राहिले. सहाशे वर्षांचे गृहस्थ, सर्दी बारमाही. लुकलुकत्या डोळ्यांनी त्यांनी छत बघितलं, आत्याने दाखवलेल्या जागी पाटावर बसले आणि वाटी मांडीवर ठेवली. गडगडोबा गरजला. गल्लीभर टपटप सुरू झाली. आत्याच्या घरात मात्र थेंबाचा पत्ता नव्हता.

तास गेला. नवरा आत्याच्या कानात कुजबुजला, "मी मागून बोटं ओली करून शिंपडू का?"

"गप बसा!" आत्या म्हणाली. "खोटं काम मी कधी केलं नाही."

दुसरा तास गेला. बुवांची मान कलली आणि चक्क घोरणं ऐकू आलं. वादळही ओसरायला लागलं होतं. आत्या हळूच त्यांच्याजवळ गेली. वाटी कोरडी ठणठणीत. आता मात्र तिला राहवेना. तिथेच उभी राहून, वर बघत, ती देवाशी बोलायला लागली.

"बुजवलं बाबा मी. तान्ह्या पोरीसाठी बुजवलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बुजवीन, खोटं कशाला बोलू? देऊळ नको देऊस. पण राग काढायचा तर माझ्यावर काढ, तिच्या वाटेला जाऊ नकोस."

डोळे भरून आले. तिने मान खाली घातली, तसा एक थेंब गालावरून नाकाच्या शेंड्यावर आला, लोंबला आणि टप्पकन वाटीत पडला.

बुवांनी एक डोळा उघडला. "पडला."

"बुवा, तो माझा..."

"वरून पडला ना?"

"पडला, पण..."

"रीत म्हणते, वरून पडायला हवा. कुठल्या उंचीवरून, ते रीत सांगत नाही." ते उठले, पदराआड दिवा झाकावा तशी वाटी जपून धरली आणि खोलीभर कौतुकाने नजर फिरवली. "पोरी, पाचशे वर्षं झाली, प्रत्येक वादळ मी देवळात भिजत काढलंय. वादळात डोळा लागला तो आज पहिल्यांदा. उद्यापासून कामाला ये. देवाच्या डोक्यावरचं कौल सैलच ठेव, त्याला सवय आहे."

"आणि बाकीचं छप्पर?"

बुवा दारात थांबले, दणदणीत शिंकले आणि म्हणाले, "माझ्या खाटेवरचं मात्र तान्ह्या पोरीचं समजून कर."