जीपमधली सात नावं

"काका, तुमच्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडलेत," वाशिमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "सहा महिने औषध. एकही दिवस चुकवायचं नाही. आणि रोज तुमच्याजवळ कोण असतं, त्यांची नावं द्या."

मी घरातली चार नावं दिली.

खोकला दोन महिन्यांपासून होता. संध्याकाळी कणकण यायची, पँट ढिली झाली होती. मी धुळीचं निमित्त सांगत राहिलो. आणि रोज सकाळी मेथीच्या जुड्या घेऊन कामरगावहून कारंजाला जीपने जात राहिलो. थंडीमुळे रेक्झिनचे पडदे खाली सोडलेले, आत आम्ही तेच आठ जण. ती सात नावं मी लपवली. कळलं असतं तर माझी भाजी कोणी घेतली असती?

मोठी मुलगी अश्विनी गणितात एमएस्सी करत होती. माझा आजार कळल्यावर तिने प्रकल्पाला टीबीच घेतला. मॅथेमॅटिकल मॉडेल, म्हणजे रोग कसा पसरतो याची गणितातली मांडणी. तिने कागदावर चार चौकोन काढले: निरोगी, अंगात जंतू पण आजार नाही, आजारी, बरा. मधे बाण. निरोगीकडून जंतूकडे जाणाऱ्या बाणावर तिने बोट ठेवलं.

"हा बाण पाहा बाबा. आजारी मानूस जितका उशिरा सापडते, तितका हा जाड होते. बंद जागेत तं अजूनच."

"मंग जीपमधल्याइचं काय?" माझ्या तोंडून निसटलं.

"कोनती जीप?"

मी सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवला.

"माझं गनित चुकलं तं मी खोडून टाकीन बाबा. मानसं कशी खोडू?"

दुसऱ्या दिवशी मास्क बांधून मी जीपच्या थांब्यावर गेलो आणि सर्वांसमोर कबूल केलं. वांगी विकणारी सुमनबाई म्हणाली, "भाजी तं तू कधी शिळी आनली नाई. खोकलाही ताजाच देल्ला काय रे?"

सगळे हसले. मला रडू आलं.

सातही जणांची तपासणी झाली. सुमनबाईच्या एक्स-रेत फुप्फुसावर डाग निघाला; तिलाही टीबीच. बाकीच्यांना टीपीटी सुरू झालं, म्हणजे आजार होऊच नये म्हणून द्यायच्या गोळ्या. "बाई लवकर सापडल्या," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. तरी तो डाग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आज आम्ही दोघंही बरे आहोत. जीपचे पडदे आता थंडीतही वर गुंडाळलेले असतात. सुमनबाई शाल ओढून मला शिव्या घालते.

अश्विनीने कॉलेजात मॉडेल मांडलं तेव्हा मी मागच्या बाकावर ताठ बसलो होतो. तिच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आहे: 'खरं सांगणाऱ्या बाबांना.'

खरं मी उशिरा सांगितलं होतं. तेवढा शब्द पोरीने लिहिला नाही. तो तुमच्यासाठी मी इथे लिहितो आहे.