पंपापर्यंत, न थांबता

त्या दिवशी इथे दुबईशेजारच्या अजमानला अशी दमट हवा होती, की दाराबाहेर आलो आणि चष्मा पांढरा झाला. पण त्या दिवसाचं शेवटी सांगतो. म्हातारा माणूस रोज चालायला निघाला की त्याच्याभोवती किस्से जमत जातात. मला लिहिता येत नाही, नात लिहून घेतेय. "आजोबा, फास्टर," म्हणते.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शंभरेक पावलं झाली की माझी पोटरी पिळून निघायची. डॉक्टर म्हणाले, "पायाच्या रक्तवाहिन्या आखडल्यात. रोज पायांवर हा लाल दिवा लावायचा, मग चालायचं. दुखलं की थांबा, दुखायचं राहिलं की पुन्हा चाला. दिव्याची खात्री देत नाही, पण चालणं चुकवू नका. तीन महिन्यांनी पेट्रोल पंपापर्यंत न थांबता गेलात, तर ऑपरेशन टळलं."

ऑपरेशनचं नाव ऐकून मी दिवा विकत घेऊनच घरी आलो.

*

पहिल्याच दिवशी पोटरी धरून रस्त्यात थांबलो. शेजारी मोठी गाडी उभी राहिली. आतला अरब म्हणाला, "यल्ला बाबा, बैठो." एवढ्या प्रेमाने बोलावलं, बसलो. त्याने थेट पंपावर सोडलं, वर खजूर दिले.

डॉक्टरांनी विचारलं, "पंपापर्यंत जमतं का?"

"पहिल्याच दिवशी जमलं."

"वाटेत कितीदा थांबलात?"

"एकदाही नाही. सिग्नलसुद्धा हिरवा होता."

खरं कळल्यावर म्हणाले, "शेवटच्या परीक्षेला साक्षीदार आणा."

*

आमची सूनबाई पापडाच्या ऑर्डरी घ्यायची. इमारतीच्या गच्चीला कुलूप, पापड वाळवायचे कुठे? तिची नजर दिव्यावर गेली. "बाबा, पाय जरा डावीकडे घ्या ना, चार पापड मावतील."

पुढच्या खेपेला डॉक्टर माझ्या पोटरीवर वाकले. चेहरा गंभीर. "हे काळे ठिपके कधीपासून?"

"काल दुपारपासून. जिरं आहे."

*

माझे थांबे ठरलेले. पहिला कुट्टीच्या किराणा दुकानासमोर. तो खुर्ची मांडून ठेवायचा. दुसरा रफीकच्या कॅफेटेरियापाशी. मी लांबून दिसलो की तो चहा ओतायचा. अडीच महिन्यांनी पोटरी दुखायची थांबली, पण मी थांबतच राहिलो. मांडलेल्या खुर्चीला नाही कसं म्हणायचं?

*

मग तो दमट दिवस. परीक्षा. साक्षीदार म्हणून शेजारचे खानसाहेब, आपली टॅक्सी माझ्या मागून मुंगीच्या गतीने चालवत.

खुर्ची आली. मी थांबलो नाही. कुट्टी ओरडला, "बाबा, गुस्सा हो गया क्या?" बोललो असतो तर दम गेला असता, म्हणून नुसता हात हलवला. त्याला वाटलं, बोलावतोय. खुर्ची डोक्यावर घेऊन तो मागे निघाला. पुढे रफीकलाही तसाच हात केला. तो चहाचा ग्लास घेऊन निघाला. त्यांच्या मागे टॅक्सी, टॅक्सीच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या.

पंपाच्या खांबाला हात लावला आणि वळलो. पोटरी शाबूत. कुट्टी स्वतःच्याच खुर्चीत धापा टाकत कोसळलेला. रफीक एका हाताने पोटरी दाबतोय, दुसऱ्या हाताने माझा चहा पितोय.

खानसाहेबांनी काच खाली केली. "बाबा, तुम पास. अब वो लाल बत्ती इन दोनों को लगाओ."