सहा माणसांचे रोट

सोनगीरच्या प्रमिलाबाईंना गावात दोन नावं होती. समोर ‘गिरणीवाली अक्का’ आणि पाठीमागे ‘सीआयडी’. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दळणाला आलेल्या बाईच्या पोटातलं काढून घ्यावं ते त्यांनीच. गिरणीच्या घरघरीत दुसऱ्याला स्वतःचं बोलणं ऐकू येईना, पण बाईंना ओठ बघून समजे.

ही सीआयडीगिरी त्यांनी हौसेनं मांडली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ नवल आणि शेजारच्या शेतातला योगराज यांची बांधावरून जुंपली. दुसऱ्या दिवशी योगराज गायब, आणि गावच्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचा रक्तानं माखलेला सदरा. प्रेत काही मिळालं नाही. नवल सव्वादोन वर्षं तुरुंगात राहिला आणि पुराव्याअभावी सुटला. कोर्टानं सोडलं, पण गाव कुठं सोडतंय! नवलच्या घरचं पाणी कोणी पिईना. त्याच्या मुलीला, दिपमालेला, बघायला आलेले पाहुणे वेशीवरूनच परत फिरत. तीन स्थळं अशी गेली. पोलिसांनी कागद बांधून ठेवले, वकील थकले. प्रमिलाबाई तेवढ्या थकल्या नाहीत.

त्यांच्या तपासाची गावभर टिंगल होई, आणि खरं सांगायचं तर काही वेळा ती रास्तही होती. एकदा शिरपूरच्या बाजारात योगराज दिसला म्हणून त्या एका माणसामागे तासभर फिरल्या. तो निघाला भजनी मंडळाचा पेटीवाला. त्यानं बिचाऱ्यानं वर्गणीची पावतीच फाडली आणि बाईंनी मुकाट्यानं घेतली.

यंदा श्रावणात कानबाई देवीचा सण आला. खानदेशात कानबाईच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांना, घरातल्या पुरुषांच्या डोक्यामागे गहू काढतात. घराघराचं माप वेगळं, पण डोकं चुकवायचं नाही. माणूस दूरदेशी असला तरी त्याचा वाटा निघतो, मेल्याचा मात्र निघत नाही. हे रोट घरच्यांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. परक्याला तुकडाही द्यायचा नाही.

योगराजच्या घरचं दळण प्रमिलाबाईंकडे येणं शक्यच नव्हतं. पण त्या रविवारी सकाळीच दुसऱ्या गिरणीची मोटर जळाली. त्या घरची नवी सून सुलक्षणा, वैशाखात लग्न होऊन आलेली, तिला जुनं वैर कोण सांगणार? सणाच्या दळणासाठी धुऊनपुसून ठेवलेल्या गिरणीवर तिनं गव्हाचा डबा आणून ठेवला. बाईंनी काट्यावर चढवला. साडेसात किलो.

“कितलं माप शे तुमनं?” बाईंनी सहज विचारलं.

“मानूसमांगे सव्वा किलो. सहा मानसेस्नं शे, आजीनी मोजीसन दिधं,” पोर भाबडेपणानं म्हणाली.

बाईंनी मनात डोकी मोजली. म्हातारे रतिलाल आबा, योगराजचा थोरला भाऊ मगन, मगनची दोन पोरं भूषण आणि दीपक. चार. पुन्हा मोजली, तरी चारच. मग हे वरचे दोघं कोण? पोलिसांशी खोटं बोलता येतं, कोर्टाशी बोलता येतं, पण कानबाईपुढं कुठली आई जित्या लेकाचा वाटा वगळील? म्हातारीनं योगराजचं माप काढलं होतं, आणि योगराजला मुलगाही होता!

बाईंनी दळण उरकलं. पीठ दिलं आणि वाट बघितली. रोट निघाले म्हणजे ते खाणाऱ्यापर्यंत जाणारच. मंगळवारी सकाळी दीपक डबा घेऊन एसटीत चढला, त्याच्यामागे तोंडभर पदर ओढून बाईही चढल्या. धुळे, मग जळगाव, तिथून पॅसेंजरनं बोदवड. पोरगा पानाच्या पिंका टाकत निवांत चालला होता, आणि साठीची बाई गुडघ्यांना शिव्या देत त्याच्यामागे.

स्टेशनामागच्या गल्लीत एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार सात-आठ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून रोट मोडत होता. केस पिकले होते, पण माणूस तोच. बाईंनी आधी मोबाईलवर फोटो काढला, मग पदर मागे सारला.

“का रे योगराज, वळखं का माले? नवलनी बहीण शे मी. तुना मुडदा मना भाऊ पंधरा वरीस डोकावर लई फिरना. आते उतराव.”

बाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. बोदवडच्या पोलीस ठाण्यात त्यानं सगळं ओकून टाकलं. परजातीच्या मुलीसाठी तो पळाला होता. घराण्याचं नाक जाऊ नये म्हणून मगननं बोकडाचं रक्त लावून सदरा किल्ल्याखाली टाकला. भाऊ मेला म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं. मग नवलला धरलं, तेव्हा सगळ्या घरानं तोंड शिवून घेतलं.

बुधवारी पोलिसांची गाडी सोनगीरच्या चौकात थांबली. योगराज स्वतःच्या पायांनी उतरला आणि सगळा गाव जमला. मगनला गाडीत बसवताना म्हातारी आई रडत होती, पण डोळे धाकट्या लेकावरून काढत नव्हती. सरपंच सगळ्यांदेखत नवलच्या दारात गेले आणि त्यांनी पाणी मागितलं. दिपमालेनं तांब्या भरून दिला. सरपंचांनी तो रिकामा केला आणि एकदम टाळ्या पडल्या. प्रमिलाबाई पायरीवर बसून हमसून रडल्या. पंधरा वर्षांत त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. जिंकल्याचं रडणं होतं ते.

लोक पांगले तसा नवल शेजारी येऊन बसला.

“अक्का, पहिला दिनपाइन तुना मन्हावर भरोसा व्हता ना?”

आजच्या दिवशी खोटं बोलायला कोणाची हरकत नव्हती. पण बाईंची जीभ वळेना.

“नही. पहिलं वरीस नही व्हता.”

नवल हसला. “माले माहीत व्हतं. तरी तू दर आठवडाले तुरुंगमा येत व्हती.”

त्यानं बहिणीचा हात आपल्या हातात घेतला आणि दिपमालेला चहा टाकायला सांगितलं.