पाय नसलेलं ओझं

आमच्या पाड्यावर यायचं तर दाभोशाच्या अलीकडे डांबर सोडायचं आणि मोठ्या जांभळापाशी थांबायचं. थांबायचंच. तिथून खाली नदीपर्यंत मातीचा उतार आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला आमची भाताची खाचरं. मी लग्न होऊन आले तेव्हा ही पायवाट होती. पुढे रुंद झाली, जीप यायला लागली. जीपमध्ये वीस-वीस माणसं कोंबलेली असतात, खोटं कशाला बोलू, टपावर कोंबड्यासुद्धा. पण जांभूळ आलं की सगळी खाली उतरतात. कुणी सांगावं लागत नाही. आपापलं गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि चालायला लागायचं. रिकामी जीप एकटा ड्रायव्हर नेतो. वर चढताना एक माणूस मागून दगड घेऊन चालतो. जीप दमली, मागे यायला लागली, की त्याने चाकामागे दगड लावायचा. पाड्यावर हे काम माझ्या धाकट्या दिराचं. त्याचा हात त्यात बसलेला. जीपचा आवाज बदलला की त्याला कळायचं, आता थांबणार.

हे एवढं का सांगते, तर पुढचा राग कळावा म्हणून.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. भात कापून झालं होतं. माती वरून वाळलेली दिसायची, आत मात्र ओलीच. मी आल्यागेल्या पाहुण्यांना नागलीची भाकर आणि उडदाची आमटी करून घालते, त्यामुळे माझा फोन नंबर लोकांकडे असतो. तसेच हे तिघे मुंबईहून आले. मागे हौदा असलेली उंच गाडी. जिथे रस्ता नाही तिथे जायचं, हीच म्हणे यांची हौस. आम्हाला रस्ता नाही म्हणून आमचा जीव जातो आणि यांना त्याची मजा वाटते. असो.

गाडी खाली आली ती जळका वास सोडत. ब्रेक तापलेले. मागची बाजू गाभण म्हशीसारखी खाली बसलेली. माल काय काय होता ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. छतावर घडीचा तंबू आणि त्याची शिडी, दोन जादा चाकं, डिझेलचे डबे, फ्रिज, मोठी बॅटरी, खुर्च्या, कॉफीचं यंत्र. पाण्याची भरलेली टाकी, नदीकाठी मुक्काम असून. आणि जळणाची लाकडं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. जव्हारच्या जंगलात यायचं आणि लाकडं मुंबईहून आणायची.

जेवताना मी गाडीच्या मालकाला म्हटलं, "बाबा, उद्या चढताना हे सामान उतरवा. आम्ही बाया डोक्यावरून वर नेऊन देऊ. एक खेप, दोन खेपा, झालं."

तो हसला. "आजी, ही गाडी डोंगर चढायलाच बनवलीय."

"गाडी बनवली असेल. एवढा संसार तिच्यावर घालायला बनवली का?"

"तुमच्या जीपमध्ये वीस माणसं बसतात, ते चालतं?"

बाकीचे दोघे हसले. बोलला ते खरंच होतं. मी म्हटलं, "बसतात. पण आमच्या ओझ्याला पाय आहेत, ते जांभळापाशी उतरून चालत येतं. तुमचा फ्रिज उतरतो का?"

तेही हसण्यावारी गेलं. दिराने मला डोळ्याने गप्प केलं. मग मी कोपऱ्यात त्याला सुनावलं, "तू तरी सांग. तुझं ऐकतील."

"वैनी, पाहुणे आहेत. त्यांची वस्तू, त्यांना कळत असेल."

पाहुण्याला त्याच्या वस्तूबद्दल बोलायचं नाही, ही आमची रीत. त्या रीतीला मी आता काय म्हणू? आणि मी तरी कुठली शहाणी. भाकर आवडली म्हणून त्यांनी नागली मागितली, तर सकाळी गोणी भरून मीच त्या गाडीच्या मागे चढवली. चढवताना मला दिसत होतं की आणखी बोटभरही जागा नाही. तरी दाबून बसवली.

सकाळी गाडी चढाला लागली तेव्हा दीर पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, उतरून घ्या." दोघे लगेच उतरले. आज्ञा पाळायला नव्हे, वरून गाडी चढतानाचा व्हिडिओ काढायला. मालक गाडीत बसला. मी म्हटलं, "अरे, सामान?" दीर हातात दगड घेऊन मागे निघाला होता. जाता जाता म्हणाला, "वैनी, माणसं उतरली ना."

बस. हीच चूक झाली. आमच्याकडे माणसं उतरली की गाडी रिकामी, असं आम्ही जन्मभर पाहिलेलं. माणसं उतरूनही भरलेली राहील अशी गाडी आम्हाला ठाऊकच नव्हती.

अर्ध्या चढावर गाडी थांबली. चाकं जागच्या जागी फिरली, वरची कोरडी माती उडाली आणि आतली ओली वर आली. गाडी मागे सरकली. दिराने वाकून दगड लावला, जसा नेहमी लावतो तसाच, तेवढाच. त्याच्या हाताला जीपचं वजन ठाऊक होतं. हे वजन ठाऊक नव्हतं. दगड ओल्या मातीत दाबला गेला आणि बाजूला निसटला. चाक त्याच्या गुडघ्याखाली, पायावरून गेलं. छतावरच्या तंबूने गाडीला खाचराकडे ओढलं आणि ती बांध फोडून एका अंगावर पडली.

मालक काचेतून बाहेर आला, खरचटलेला. दीर मातीत पडलेला. पायाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "औषधाची पेटी असेल ना तुमच्याकडे?" होती. लाल रंगाची, चांगली मोठी. सगळ्या सामानाच्या तळाशी. तिघे ती काढायला धावले आणि खुर्च्या उपसत बसले. तोवर मी माझं लुगडं फाडून पाय बांधला, पाड्यावरच्यांनी बांबूला गोधडी बांधली आणि झोळी करून त्याला वर नेला. एवढा सगळा बाजार घेऊन आले होते, त्यात एक माणूस उचलून न्यायची सोय नव्हती. एक पाहुणा झोळीला खांदा द्यायला आला, जव्हारपर्यंत सोबत आला, रडलाही. ते मी विसरत नाही. पण राग त्याने कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून गाडी उभी केली. त्यासाठी आधी ती रिकामी करावी लागली. फ्रिज, टाकी, चाकं, लाकडं, सगळं माझ्या खाचरात मांडून ठेवलं. किती वेळ लागला असेल? माझ्या चुलीवर डाळ शिजली तेवढा. आणि रिकामी गाडी तो चढ एका दमात चढून गेली, चाक जागच्या जागी न फिरता, दगड न लागता. मी बांधावर उभी राहून ते पाहिलं. तेव्हा मला जेवढा राग आला तेवढा पाय मोडला तेव्हाही आला नव्हता.

पायाची दोन्ही हाडं मोडली. सळई घातली. सहा महिने ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता दिवाळीनंतर आमचा पाडा जगायला जातो, म्हणजे वीटभट्टीवर, पावसाळ्यापर्यंत. भट्टीवर नवराबायकोची जोडी लागते. जाऊबाईची जोडी घरात पाय लांब करून बसलेली. ती आपल्या भावाबरोबर गेली. जाताना मला म्हणाली, "याला दोन वेळा घाला एवढंच." मला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. गोणी मीच चढवली होती ना.

मग एके दिवशी फोन आला. तोच मालक. "आजी, काकांचा पाय कसा आहे?" मी सांगितलं. मग म्हणाला, "चिखलात चाकाखाली घालायच्या आमच्या दोन नारिंगी फळ्या तिथे राहिल्यात बहुतेक. रविवारी आमचे मित्र येतायत, त्यांच्याकडे द्याल?"

"किती गाड्या?"

"चार."

"भरलेल्या?"

"आता सामान तर लागतंच, आजी."

मी फोन ठेवला आणि दिराला सांगितलं.

रविवारी सकाळी उठून बघते तर तो घरात नाही. दोन कुबड्या घेऊन वर गेलेला. मी फळ्या डोक्यावर घेऊन मागे गेले. जांभळाखाली, बरोबर वाटेच्या मधोमध, सळईचा पाय लांब करून बसला होता. चारही गाड्या समोर उभ्या. पुढचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?"

"आधी सामान उतरवा."

"अहो, आम्ही सगळे उतरतो ना, गाड्या हलक्या होतील."

"मीही असंच म्हणालो होतो," दीर म्हणाला, आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

त्या माणसाने पायाकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं. मागे जाऊन इतरांशी बोलला. बराच वेळ बोलणं चाललं. दीर जागचा हलला नाही. मी त्याच्या शेजारी बसले. शेवटी पहिल्या गाडीचं मागचं दार उघडलं.

पहिल्यांदा उतरली ती लाकडांची पिशवी. एका पोरीने ती दोन्ही हातांनी धरून विचारलं, "आजी, ही कुठे ठेवू?"

म्हटलं, "ठेव कुठेही. जंगलच आहे."