घरचा मासा

पोस्टकार्ड शनिवारी आलं. ‘गेणू गेला. तापानं. रविवारी दहावा. यावे.’ खाली त्याच्या धाकट्या भावाचं, रामाचं नाव. वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आता मरळ मासा कोण आणून देणार! लाज वाटते, पण आला खरा.

मी मूळचा कोकणातला, पोटासाठी पुण्याच्या छापखान्यात खिळे जुळवणारा. समुद्र सुटला, जिभेची खोड काही सुटली नाही. दर शनिवारी गेणू भोई इंद्रायणीचे मासे टोपलीत ओल्या फडक्याखाली घेऊन यायचा. मंडईजवळ विकून उरलेले माझ्या दारात. परत जाताना त्याच टोपलीत लेकीसाठी रिबिनी, बायकोसाठी बांगड्या. कुठे दोन घटका टेकायचा नाही. “घरची वाट बगत्यात,” म्हणायचा आणि निघायचा.

एका गोष्टीवरून आमचं नेहमी वाजायचं. पहाटे जाळ्यात सापडलेला पहिला मासा तो विकत नसे. त्याच्या कल्ल्यातून निरगुडीची डहाळी ओवायची आणि जाळं तरंगत ठेवणाऱ्या शेवटच्या सुक्या भोपळ्याला बांधून पाण्यातच ठेवायचा, म्हणजे घरी जाईपर्यंत जिवंत. मी कितीदा मागितला!

“पयला मासा घरचा, राव. तुमी माजं जावई असता तरी दिला नसता.”

“मग ठेव डोक्यावर!” मी फुरंगटून दार लावायचो. तो बाहेर हसत असायचा.

रविवारी सकाळी नाशिक रस्त्याची एस.टी. धरली. भोसरी मागे पडली तशी दोन्ही बाजूंना नुसती रानं आणि धूळ. मोशीला उतरलो. हॉटेलात चहा मागितला, तर मालकच म्हणाला, “भोयाच्या दहाव्याला ना? बिगीबिगी जावा. लोक घाटावर खोळंबल्यात. कावळा शिवंना म्हनं.”

काठाकाठानं निघालो. चैत्राचं ऊन, वारा अजिबात नाही. वळणावर एक काळाशार डोह लागला. पाण्यावर सुक्या भोपळ्यांची रांग तरंगत होती. कुणाचं तरी जाळं लावलेलं. पाणी जागचं हलत नव्हतं, तरी शेवटचा भोपळा मधूनच खाली बुडे आणि वर येई. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. असेल मासा, असं म्हणून पाय उचलला.

पुढे पलीकडे कुरुळीच्या बाजूला भोयांची वस्ती. रामा होडी घेऊन उभा होता. “या पावनं,” म्हणाला आणि मला पलीकडे नेलं.

घाटावर माणसं खोळंबून बसलेली. पिंडासमोर गेणूचा थोरला, दौलत, मुंडण करून हात जोडून उभा. कावळे बाभळीवर होते, खाली उतरत होते, पिंडाभोवती फिरून परत उडत होते. रामानं शब्द दिला, “पोरीचं लगीन मी करून देतो, दादा.” दौलत म्हणाला, “आईला अंतर देनार न्हाई.” कावळे हलेनात. गेणूची बायको पारूबाई जमिनीवर हात आपटून रडत होती.

“काय राह्यलं ओ तुमचं? सांगा की! असं टांगून नका ठिवू आमाला.”

मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून रामाला हळूच विचारलं, “डोहात जाळं कुणाचं लावलंय?”

रामानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दचकलो. “सुतक हाय. धा दिस वस्तीतलं येक जाळं पान्यात न्हाई.”

“अरे, मी आत्ता पाहिलं.”

दौलतचा चेहरा उतरला. “काका, तुमी काडलं न्हाई?”

“म्या? मला वाटलं तू काडलंस!”

गेणूनं संध्याकाळी जाळं लावलं, तापानं फणफणत घरी आला आणि पहाटे गेला. रडारडीत पुतण्याला वाटलं काकानं काढलं, काकाला वाटलं पुतण्यानं. बापाचं शेवटचं जाळं दहा दिवस पाण्यात राहिलं होतं.

दौलतला घाट सोडता येईना. रामा आणि मी होडी घेऊन डोहात गेलो. दहा दिवसांचं जाळं, उन्हाळ्याचं पाणी. मी आधीच नाकाला रुमाल लावला. पण जाळं वर आलं ते स्वच्छ. शेवाळ नाही, सडका मासा नाही, वास नाही. कुणीतरी रोज झटकून लावावं तसं.

शेवटच्या भोपळ्याला हातभर मरळ बांधलेली होती. जिवंत. कल्ल्यातून निरगुडीची डहाळी, आणि तिची पानं हिरवीगार.

“मरळ चिवट आसती. ऱ्हाती धा दिस,” रामा म्हणाला आणि पानांकडे न बघता वल्हं मारायला लागला.

घाटावर पारूबाईनं ती डहाळी बोटांनी चाचपली, हुंगली. मग एकदम शांत झाली. “घरचा मासा द्यायचा राह्यला व्हता व्हय तुमचा?” ती पाण्याकडे बघून म्हणाली. “आला बरं. पोचला घरी. आता जावा.”

मागे पंख फडफडले. कावळ्यानं पिंडाला चोच लावली होती.

निघताना पारूबाईनं मासा माझ्यापुढे धरला. “सुतकाचं घर, आमाला चालत न्हाई. तुमी लई दिस मागत व्हता म्हनं. न्या, दादा.” नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

होडी नदीच्या मध्यावर आली. मरळ माझ्या मांडीवर कल्ले हलवत होती. इतकी वर्षं हिच्यासाठी भांडलो आणि आता हातात धरवेना! मी डहाळी काढली आणि तिला पाण्यात सोडलं. वाटलं, तळाला जाईल. गेली नाही. पाण्याच्या वरच्या अंगानं, आम्हाला दिसेल अशी, सरळ मागे वस्तीच्या काठाकडे निघाली. रामानं वल्हं थांबवलं आणि हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी पुण्यात पोचलो. कुठूनही परतलो की आधी हॉटेलात जाणारा मी, त्या दिवशी वाटेत मंडईत थांबून बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. तिनं दार उघडलं, नदीकाठी जाऊन आलो म्हणून माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“मासा नाही मिळाला?”

“मिळाला होता,” मी म्हणालो. “घरी गेला.”